खंडेनवमीला सोडलेला जॉब

प्रिय आप्पा,

‘तीर्थरूप’ लिहायला घेतलं होतं. पण ज्या माणसाशी लग्न झाल्यापासून रोज नवापासून सहापर्यंत कशा ना कशावरून वाद घातला, त्याला तीर्थरूप म्हणायला हात धजेना. म्हणून हे असं.

पत्र लिहायचं कारण साधं आहे. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं होतं, त्याचा निकाल आज दुपारी पुण्याहून फोनवर आला. दुसरी बाजू ऐकायला जाग्यावर नाही, आणि असला निकाल एकटीने ऐकण्यात काही गंमत नाही. कुठलं भांडण, म्हणाल. खंडेनवमीचं. अर्धं तुम्ही जिंकलात. अर्धंच. उगाच फोटोतून मिशीत हसू नका.

तुम्ही गेल्यावर भेटायला आलेल्या बायका मला विचारायच्या, सासरे कसे होते गं? काय सांगायचं त्यांना? घरात तुम्ही माझ्याशी थेट बोलतच नव्हतात. मी समोर उभी राहून वाढत असले तरी तुम्ही आईंकडे बघून म्हणायचात, “सूनबाईला म्हणावं, भाकरी पुरे.” आणि तासाभरात उचगावच्या रस्त्यावरच्या आपल्या कारखान्यात पाय टाकला की, “ए पोरी, ह्ये काय करून ठिवलंयस? हिकडं ये आधी.” एका बाईला दोन सासरे असतात का हो? मला होते. घरातल्याची मला भीती वाटायची आणि कारखान्यातल्याशी मी जिवावर उदार होऊन भांडायचे. सुरुवातीला विक्रम मधे पडायचा. पण बाप आणि बायको या दोघांच्या मधे किती दिवस पडणार? त्याने नाद सोडला, खरेदी-विक्रीचं काम घेतलं आणि बाहेरच फिरायला लागला. तुमचा मुलगा शहाणा आहे, मानलं पाहिजे.

बाहेरगावचं गिऱ्हाईक आलं की मात्र तुमचा नूर वेगळा. “बसा पावणं,” म्हणून खुर्ची पुढे करायचात आणि माझ्याकडे बोट दाखवून सांगायचात, “ह्या आमच्या इंजिनियर. आमच्या सून बी हाईत.” याच क्रमाने. ते मला ऐकू जावं म्हणून तुम्ही जरा मोठ्यानेच बोलायचात, हेही मला कळत होतं.

टायटॅनियमचं पहिलं काम आणलं तो दिवस आठवतो का? तुमचा सगळा जन्म ओतकामात गेलेला. इंजिनाचे ब्लॉक, पंपाच्या बॉड्या. फौंड्रीतून काळंकुट्ट कास्टिंग यायचं, वरची वाळूची साल जाड कट घेऊन सोलून काढायची, मग आतलं पांढरं लोखंड दिसायचं. मी तुमच्या टेबलावर पंजात मावेल एवढा एक राखाडी, पॉलिश पेपरसारखा खरखरीत तुकडा ठेवला आणि म्हटलं, हा ओतलेला नाही, छापलेला आहे.

तुम्ही चष्मा काढलात. “छापल्याला? लगीनपत्रिका हाय व्हय?”

मग मी सांगत बसले. टायटॅनियमची पिठासारखी पूड पसरायची, हवी तेवढीच लेसरने वितळवायची, तिच्यावर पुन्हा पूड, पुन्हा लेसर. थरावर थर. साचा नाही, वाळू नाही. माणसाच्या हाडाचं स्कॅन घेतलं की त्याच्या मापाचा तुकडा असा उभा करता येतो. फक्त वरून खरखरीत राहतो, आणि जिथं स्क्रू बसायचा किंवा सांधा फिरायचा तिथं अचूक माप लागतं. ते माप काढून देणं हे आपलं काम.

तुम्ही तो तुकडा हातावर झेलून बघितलात. “हलकं हाय की लई. आन् माल किती ठेवलाय वर?”

माल म्हणजे कापायला म्हणून जादा ठेवलेली जाडी. ओतकामात ती बोटाने दाखवायची तुम्हाला सवय. मी म्हटलं, नखाच्या जाडीएवढा, जेमतेम.

“मग ह्यो धंदा न्हवं, परीक्षा हाय,” म्हणालात आणि पेपर उघडून बसलात. पुढे या कामासाठी नवं मशीन आलं, सगळ्या बाजूंनी वळून कापणारं, तेव्हा त्याला हार घालायचं काही तुम्ही कुणाला सुचू दिलं नाहीत. स्वतः आणलात, स्वतः घातलात, आणि मशीन चालू झाल्यावर खुर्ची घेऊन काचेसमोर बसलात. दुपारचं जेवण थंड झालं. त्या दिवशी भांडायला जागाच नव्हती.

आता मूळ भांडणाकडे येते.

माझा नियम तुम्हाला पाठ होता. कापायला घेतलेला जॉब एकदा मशीनमध्ये पकडला की काम संपेपर्यंत सोडायचा नाही. हे छापलेले तुकडे वेडेवाकडे असतात, सपाट बाजू म्हणून नसते. एकदा सोडला की तसाच्या तसा पुन्हा बसवणं म्हणजे झोपलेलं मूल उचलून परत त्याच कुशीवर झोपवण्यासारखं आहे. जमतं, पण जमेलच असं नाही.

तुमचा नियम बरोबर उलटा. खंडेनवमीला सगळी मशीनं धुवायची, पुसायची, आणि त्यांच्या पकडीत काही म्हणता काही ठेवायचं नाही. अर्ध्या झालेल्या जॉबलाही माफी नाही. तो काढून ठेवायचा आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नारळ फोडून परत चढवायचा. दरवर्षी त्यावरून आपली जुंपायची. मी म्हणायचे, हार घाला, लिंबू बांधा, हवं तर पेढा भरवा मशीनला, पण सेटिंग मोडू नका. तुम्ही म्हणायचात, “सणादिवशी कुणाच्या तोंडात अर्धा घास ठिवून बसवत्यात का गं?” लोखंडाच्या कामात सेटिंग मोडलं तर फार तर तासभर वाया जातो, म्हणून मी सोडून द्यायचे. टायटॅनियम आल्यापासून मात्र सणाच्या आधी मशीन रिकामं होईल असाच बेत आखायला लागले. तुम्हाला ते कळत होतं. बोलत नव्हतात, इतकंच.

आणि मग यंदाच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. त्याबद्दलही मला एक बोलायचं आहे. छातीत दुखत असेल तर माणूस छातीत दुखतंय म्हणतो. तुम्ही म्हणालात, “गॅस धरलाय जरा,” आणि लिंबूसोडा मागवलात. सोडा आला तेव्हा तुम्ही खुर्चीत तसेच बसलेले होतात, चष्मा कपाळावर. दुसऱ्याच्या कामातली सुताएवढी चूक धरणारा माणूस स्वतःच्या छातीच्या बाबतीत एवढा ढोबळ कसा राहतो? आई रडल्या, विक्रम रडला. मला आधी राग आला. तो अजून गेलेला नाही, आणि तो घालवायचा मी काही खास प्रयत्नही केलेला नाही.

तुमच्या माघारी काम चालू राहिलं. चालू राहणारच. दसरा जवळ आला तेव्हा पुण्याच्या कंपनीकडून एक काम आलं, खालच्या जबड्याचा अर्धा भाग. एका बाईंच्या जबड्यात गाठ झाली होती. तेवढं हाड काढून तिथं हा छापलेला तुकडा बसवायचा. एका टोकाला कानाजवळच्या सांध्यात फिरणारा गोळा, दुसऱ्या टोकाला उरलेल्या हाडाला धरणाऱ्या स्क्रूंची भोकं, मधे दात बसवायच्या जागा. कंपनीकडून नेहा नावाची एक तरुण इंजिनियर हे काम बघते. ती फोनवर बोलता बोलता म्हणाली, “पेशंट तुमच्याच जिल्ह्यातल्या आहेत. आजऱ्याकडे शाळेत शिकवतात. डॉक्टरांना त्यांनी एवढंच विचारलं म्हणे, वर्गावर बोलता येईल ना?”

नाव तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण हे ऐकलं नसतं तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं.

कारण पहिला तुकडा आमच्या हातून वाया गेला. मशीनवर असेपर्यंत त्याची सगळी मापं बरोबर होती. मी स्वतः तपासली होती. काम संपलं, क्लॅम्प सोडले, टेबलावर ठेवून परत मोजला, तर दोन टोकं फाकलेली. गोळा जिथं हवा तिथं नाही. असा जबडा बसवला असता तर बाईंचं तोंड मिटताना एका बाजूला ओढलं गेलं असतं. का झालं ते कळेना. छापल्यावर कंपनी तुकडा भट्टीत तापवून आतला ताण काढते, तोही काढलेला होता. मी प्रोग्राम तपासला, टूल तपासलं, मशीन तपासलं. सगळं जिथल्या तिथं. अशा वेळी तुम्ही निदान आरडाओरडा तरी केला असतात. विक्रम नुसता म्हणाला, “होतं असं.” असं कसं होतं?

नेहाने दुसरा तुकडा छापून पाठवला आणि सांगितलं, तिसऱ्याला वेळ नाही. गाठ वाढते आहे, ऑपरेशन पुढे ढकलता येणार नाही. हा तुकडाही बिघडला तर डॉक्टर तात्पुरती साधी पट्टी बसवतील. जेवण जाईल, पण बोलणं कितपत सुटेल हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

दुसरा तुकडा आला तो नेमका सणाच्या तोंडावर. अष्टमीच्या संध्याकाळी बरीचशी कापाकापी झाली होती. शेवटचा बारीक हात फिरवायचा राहिला होता, आणि तोच खरा मापाचा. पहिल्या वेळी काय चुकलं ते अजून उमगलेलं नव्हतं, त्यामुळे आता सेटिंग मोडायला तर मी मुळीच तयार नव्हते. सगळ्यांना उभं करून सांगितलं, या मशीनला हार बाहेरून घाला. दार उघडायचं नाही, आत हात घालायचा नाही. दिनकरतात्यांना वेगळं सांगितलं. तुमच्या पहिल्या लेथवर उभा राहिलेला माणूस, अजून उभाच आहे. त्याला वेगळंच सांगावं लागतं. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच होती, हे मी बघायला पाहिजे होतं.

नवमीला सकाळी कारखान्यात गेले तर मशीनचं दार सताड उघडं. आतून धुतलेलं, पुसलेलं, लख्ख. आणि रिकामं.

“तात्या, जॉब कुठंय?”

“काढला की.”

“मी काल काय सांगितलं होतं?”

“सांगितलंसा की, वैनी. पर आप्पांनी सांगून ठेवल्यालं हाय. ह्या दिवशी मशीन मोकळं.”

“आप्पा नाहीत आता.”

तात्यांनी हातातलं फडकं बादलीत पिळलं. “म्हणून तर,” म्हणाले.

मी पुढे काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. तुम्ही पुष्कळदा ऐकलेलं आहे. तात्या खाली बघून ऐकत राहिले आणि माझं संपल्यावर म्हणाले, “च्या सांगू का?”

जॉब त्यांनी धुतलेल्या पांढऱ्या कापडात गुंडाळून पाटावर ठेवला होता, बाकीच्या सगळ्या हत्यारांबरोबर. पाने, हातोडे, ड्रिल, व्हर्निअर, मायक्रोमीटर, डायल. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडू. त्या कापडावर मात्र काही नव्हतं. “त्येला कुंकू लावलं न्हाय,” तात्या म्हणाले, “माणसाच्या तोंडात जायाचं हाय न्हवं.”

मला तेव्हाच्या तेव्हा मोजायचं होतं, सोडल्यावर तुकडा किती हललाय ते. पण मोजायचं म्हणून जे काही कारखान्यात होतं ते सगळं पूजेत बसलेलं. मी व्हर्निअर उचलायला हात पुढे केला आणि तेवढ्यात आई आत आल्या. तुम्ही गेल्यानंतर त्या पहिल्यांदाच कारखान्यात येत होत्या. पूजेला दरवर्षी तुमच्या डाव्या बाजूला उभ्या राहायच्या, तशाच जाऊन उभ्या राहिल्या, शेजारी एका माणसाची जागा सोडून. “करा सुरू,” म्हणाल्या. “मी हाय हितं.”

मी हात मागे घेतला. श्रद्धा वगैरे काही नाही हं आप्पा, गैरसमज नको. त्या उभ्या असताना पूजेतलं व्हर्निअर उचलायची माझी छाती झाली नाही, एवढंच. विक्रमने पूजा केली. तुमच्यापेक्षा बरी केली. तुम्ही आरतीतलं एक कडवं कायम गिळायचात.

नवमी गेली, दसरा आला. लोक घरी येत होते, हातावर आपट्याची पानं ठेवून “सोन्यासारखं राहा” म्हणत होते आणि माझं सगळं चित्त टायटॅनियमपाशी. मटण चांगलं झालं होतं म्हणतात. मला चव लागली नाही. आजऱ्याच्या त्या बाई दसऱ्याला काय करत असतील, असं सारखं मनात यायचं. शाळेला सुट्टी असणार. वर्गातली पोरं सोनं द्यायला घरी येत असतील. जबडा हलतोय तोवर बाई त्यांच्याशी बोलून घेत असतील. आणि त्यांचं पुढचं बोलणं इथं माझ्या कारखान्यात, एका पाटावर, कापडात गुंडाळून पडलेलं. मला त्या दिवशी भीती वाटली, आप्पा. कामाची भीती मला सहसा वाटत नाही. त्या दिवशी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विक्रमने नारळ फोडला आणि त्याचं पाणी शिंपडून व्हायच्या आत मी जॉब मोजायला घेतला. या तुकड्यांना छापतानाच लहान लहान कान ठेवून घेतलेले असतात, पकडायला आणि माप धरायला. शेवटी ते कापून टाकायचे. त्या कानांवरून मोजलं. दोन्ही टोकं फाकली होती. पहिल्या तुकड्यासारखीच. त्याच बाजूला आणि जवळजवळ तेवढीच.

विक्रमने विचारलं, “गेला?”

माझ्या डोक्यात आत्ता कुठे एकेक गोष्ट जागेवर बसत होती. पहिला तुकडा मी पुरा करून सोडला, तो फाकला. हा अर्ध्यातच सोडला गेला, तर हाही तेवढाच फाकला. म्हणजे शेवटच्या हाताने काही बिघडलंच नव्हतं. भट्टीतून आल्यावरही आत थोडा ताण उरतो. वरची खरखरीत साल आणि छापताना खाली दिलेले आधार कापले की तो मोकळा व्हायला बघतो, आणि आपली पकड त्याला मोकळं होऊ देत नाही. पकडीत असेपर्यंत सरळ, सोडला की वाकडा. पहिल्या वेळी वाकडेपणा दिसला तेव्हा कापायला माल शिल्लक नव्हता. या वेळी होता. थोडा होता, पण होता.

“गेला नाही,” मी म्हटलं. “काय वाकायचं ते वाकून झालंय त्याचं. आता आहे तसा धरायचा आणि शेवटचा हात फिरवायचा.”

“म्हणजे तात्यांनी—”

“तात्यांना आत्ता काही सांगू नकोस,” मी म्हटलं. “मला काम करायचंय.”

या वेळी दाबून सरळ केला नाही. जसा बसेल तसा बसवला, जिथं अधांतरी राहत होता तिथं खाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या सरकवल्या आणि क्लॅम्प अगदी हलक्या हाताने आवळले. पट्ट्या तात्यांनीच सरकवल्या. मग कानांवरून पुन्हा माप धरून तुकडा मनातल्या मनात इकडे तिकडे सरकवत बसले, म्हणजे सगळीकडे पुरेसा माल निघेल. सगळीकडे निघाला. फक्त सांध्याच्या गोळ्याच्या एका अंगाला इतका कमी होता की टूल तिथं कापेल की नुसतंच घासून जाईल, ते सांगता येईना. आणि टायटॅनियम घासलेलं खपवून घेत नाही. नीट कापलं तर कापतं; घासत बसलं की तापतं, कडक होतं आणि टूलची धार खाऊन टाकतं.

मशीन चालू केलं. विक्रम, तात्या आणि मी काचेला नाक लावून उभे. स्क्रूची भोकं झाली, दातांच्या जागा झाल्या, गोळा झाला. पाणी बंद करून बघितलं. गोळा उजळला होता, पण त्याच एका अंगाला तिळाएवढा राखाडी ठिपका उरला होता.

“काळं ऱ्हायलं,” तात्या म्हणाले. ओतकामातलाच शब्द, जिथं टूल पोचलं नाही त्याचा.

सांध्यात फिरणाऱ्या गोळ्यावर खरखरीत तीळ म्हणजे प्रत्येक शब्दाला, प्रत्येक घासाला तिथं घासणार. अजून एक कट घ्यायचा तर गोळ्याचं माप अगदी खालच्या हद्दीला टेकणार, आणि हद्दीखाली गेलं की सगळा तुकडा भंगारात. नेहाला फोन केला. ती म्हणाली, “हद्दीच्या आत राहणार असेल तर घ्या. तुम्हीच ठरवा.” विक्रम माझ्याकडे बघत होता, तात्या माझ्याकडे बघत होते, आणि मी सवयीने तुमच्या खुर्चीकडे बघितलं. तुम्ही असतात तर काय सांगितलं असतंत? “घे की, बघत काय बसलीयस,” असंच काहीतरी. आणि चुकलं असतं तर माझ्यावरच ओरडला असतात.

मी कट घेतला.

ठिपका गेला. माप हद्दीच्या आत राहिलं, काठाकाठाने. जॉब सोडला, मोजला. संध्याकाळी पुन्हा मोजला, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. हलला नाही. मग कान कापले, गोळ्याला पॉलिश केलं, धुतला, बांधला आणि विक्रम स्वतः पुण्याला देऊन आला.

पुढचे दिवस मी नेहाला काही विचारलं नाही. धीर होत नव्हता म्हणा. ऑपरेशन झालं एवढं कळलं होतं. आज दुपारी तिचा आपण होऊन फोन आला. बाई शाळेत जायला लागल्या. ‘स’ आणि ‘श’ अजून जरा सांडतात म्हणे, पण तोंड मिटताना ओढत नाही, आणि पोरांना सगळं कळतं. एका पोराने म्हणे विचारलं, बाई, आता तुम्ही ओरडलात तर लोखंडाचा आवाज येईल का? आणि बाईंनी ओरडून दाखवलं. मी “बरं” म्हटलं, फोन ठेवला आणि आत जाऊन तोंड धुऊन आले. मग परत एकदा धुतलं.

तर निकाल असा. तुमच्या नियमामुळे तुकडा वाचला, हे मान्य. पण टायटॅनियमच्या आत ताण उरतो हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, तात्यांनाही नाही. तुम्ही विसावा मशीनला देत होतात, जॉबला नाही. उद्या कुणी मला ‘आपल्या जुन्या लोकांना सगळं कळत होतं बघा’ असं सांगायला आलं तर त्याला मी चहासुद्धा विचारणार नाही. आणि शेवटचा हात अजूनही एकाच पकडीत पुरा करायचा असतो, म्हणजे माझा नियमही काही मेलेला नाही. म्हणून अर्धं.

पण एक आहे. त्या दिवशी कारखान्यात माझं चाललं असतं तर तो जॉब सुटला नसता. सुटला, कारण तुम्ही नसतानाही इथं कुणीतरी माझ्याआधी तुमचं ऐकतं. याचा राग यावा की बरं वाटावं, माझं अजून ठरत नाही. तुमची आठवण येते, एवढं मात्र नक्की. घरी कमी येते. कारखान्यात येते, फार येते.

आता शेवटचं, आणि हे मी मुद्दाम मागे ठेवलंय. त्या दिवसापासून प्रत्येक टायटॅनियमचा जॉब आम्ही अर्ध्यात सोडतो. जाड काम झालं की क्लॅम्प काढायचे, एक रात्र मोकळा ठेवायचा, सकाळी मोजून पुन्हा हलक्या हाताने धरायचा. मी या कामाला एक भारदस्त नाव दिलं होतं. ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. कारखान्यात त्याला ‘आप्पा’ म्हणतात. पहिल्यांदा कोण म्हणालं, कुणी कबूल करत नाही. “ह्येचा आप्पा झाला का?” “न्हाय, आज ठेवलाय आप्पाला.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हातातला कप खाली ठेवावा लागला. मधे नेहा तपासणीला आली होती, तिनेही ऐकलं. तिने विचारलं, ही आप्पा प्रोसेस नक्की काय आहे? विक्रम गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “कोल्हापुरी आहे.”

काल एक घाईचा जॉब होता. न्यायला आलेली गाडी दारात उभी, ड्रायव्हर सारखा आत डोकावतोय. शेवटी तात्याच माझ्याकडे आले. “वैनी, गाडी खोळंबलीया. आप्पा जरा आवरता घिऊ का?”

मी म्हटलं, “नाही तात्या. आप्पांना घाई करायची नाही.”

तेच तुम्हाला वचन म्हणून लिहून देते. गिऱ्हाईक दारात उभं राहू दे, तारीख डोक्यावर येऊ दे, सण असो नसो, माझ्या हातून जाणाऱ्या एकाही जॉबचा आप्पा अर्ध्यावर उरकला जाणार नाही. तुम्हाला एका जागी थांबायचा कंटाळा, ठाऊक आहे मला. पण आता थांबावं लागेल. रोज.

तुमची,
अश्विनी